उशिरा पुरवठा झाला म्हणून सरळ १० टक्के कापले, कायद्यात एवढं बसतं का?

जळगावचा_बेंचवाला (धागाकर्ता)

राम राम मंडळी. माझं एमआयडीसीत लोखंडी फर्निचरचं छोटं युनिट आहे, शाळेचे डेस्क-बेंच, कपाटं, रॅक असं काम चालतं. मागच्या वर्षी एका शासकीय कार्यालयाचं टेंडर लागलं, जीएसटी सोडून २४ लाखाचा पुरवठा आदेश, माल सातपुड्यातल्या वेगवेगळ्या शाळांवर पोचवून, जोडून द्यायचा. त्यातला १६ लाखाचा माल मुदतीच्या आत पोचला, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याच्या पोच पावत्या माझ्याकडे आहेत. राहिलेला ८ लाखाचा माल सात आठवडे आणि वर तीन दिवस उशिरा गेला. त्यात तीन आठवडे तर कार्यालयाने शेवटच्या शाळांची यादीच दिली नव्हती, माल गोडाऊनला तयार पडून होता आणि कुठे न्यायचा तेच माहीत नाही, मी पत्र दिलं तरी उत्तर नाही. यादी आली तोवर पाऊस लागला, घाटात दरड आली, ट्रकवाला वर जायला तयार होईना, मग लहान गाड्या करून थोडा थोडा माल चढवला.

आता बिल निघालं तर पूर्ण २४ लाखावर १० टक्के म्हणजे २,४०,००० विलंब दंड कापलाय, त्या दंडावर परत १८ टक्के जीएसटी म्हणून ४३,२००, आणि खाली शेरा की सुरक्षा ठेव जप्त करण्यात येत आहे. टेंडरमधली अट मी जशीच्या तशी वाचून सांगतो, "विलंबाने पुरवठा केलेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्यास किंवा त्याच्या भागास ०.५ टक्के, कमाल १० टक्के". टेबलावर विचारलं तर म्हणतात कमाल १० लिहिलंय ना, म्हणून १० लावले. वरच्या साहेबांकडे गेलो तर ते म्हणतात करारावर तुमची सही आहे, आमचा निर्णय अंतिम आहे असंही त्यात लिहिलंय.

नफा किती सुटतो ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. २,८३,२०० आणि वर ठेव, म्हणजे या ऑर्डरमध्ये मी घरातून पैसे घातले. उशीर झाला ते मी नाकारत नाही, माझ्या वाट्याचं जे असेल ते भरायला तयार आहे. पण सरकारने किती दंड लावावा याला कायद्याने काही हद्द आहे का नाही? कोणी अनुभवी असेल तर कृपा करून सविस्तर सांगा.


भुसावळकर_पुरवठादार

भाऊ, आमच्याकडे रेल्वेला माल जातो, तिथेही अर्धा टक्का आठवडा आणि कमाल १० टक्के हाच हिशोब आहे. केंद्र सरकारच्या वस्तू खरेदीच्या मॅन्युअलमध्ये तेच, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलच्या सर्वसाधारण अटीत तेच, आणि जेममध्ये तर स्पष्ट लिहिलंय की उशीर झालेल्या मालाच्याच किमतीवर, पूर्ण ऑर्डरवर नाही. तुमच्या टेंडरची भाषा पण तीच दिसतेय.

म्हणजे साधा हिशोब करा. सात आठवडे म्हणजे साडेतीन टक्के, ८ लाखावर २८,००० होतात. १० टक्के ही छत आहे, तिथपर्यंत पोचायला २० आठवडे उशीर व्हावा लागतो. यांनी छतच दर म्हणून लावला. १६ लाखाचा माल वेळेत पोचला त्यावर दंड कसला? हे तर कायद्याआधी नुसत्या अटीतच बसत नाही. कोर्टकचेरीच्या आधी हा एक कागद करून द्या, कोणत्या शाळेला माल किती रुपयांचा, मुदत कधीची, पोचला कधी.


धुळ्याचा_वकील

भुसावळकर दादांचं म्हणणं बरोबर, फक्त एक लक्षात घ्या, अटीत "किंवा त्याच्या भागास" आहे, त्यामुळे सात आठवडे तीन दिवस म्हणजे आठ आठवडे धरले जाणार. ८ लाखाचे ४ टक्के, ३२,०००. यादी उशिरा दिल्याचे तीन आठवडे वजा केले तर चार आठवडे तीन दिवस, म्हणजे पाच, अडीच टक्के, २०,०००. कार्यालयासमोर हे दोन्ही आकडे मांडा. २,८३,२०० कुठे आणि २०,००० कुठे, समोरच्याला वाचल्या वाचल्या दिसलं पाहिजे.

आता कायद्याची हद्द विचारली म्हणून जरा लांब लिहितो. आपला भारतीय करार कायदा १८७२ चा, त्यातलं कलम ७४ इथे मुख्य आहे. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मोडणाऱ्याकडून मिळते ती "वाजवी भरपाई", आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त कधीच नाही. म्हणजे करारातला आकडा ही वरची मर्यादा. त्याच्या खाली किती, हे वाजवीपणावर ठरतं. सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास मध्ये हे पक्कं केलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत सगळे निकाल त्याच पायावर उभे आहेत.

सरकारी कार्यालयं एक युक्तिवाद हमखास करतात, की हे सार्वजनिक काम आहे, लोकांचं हित आहे, म्हणून पूर्ण रक्कम द्यावीच लागेल. कलम ७४ ला एक अपवाद आहे खरा, जामीनकदबा किंवा सरकारच्या आदेशाने सार्वजनिक कर्तव्यासाठी दिलेलं बंधपत्र असेल तर पूर्ण रक्कम भरावी लागते. पण त्याच अपवादाखाली स्पष्टीकरण आहे की सरकारशी करार केला एवढ्यावरून त्या माणसाने सार्वजनिक कर्तव्य अंगावर घेतलं असं होत नाही. दीडशे वर्षापूर्वी कायदा करणाऱ्यांनी हा प्रश्न ओळखून लिहून ठेवलाय आणि आजही टेबलावर कोणी वाचत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

"आमचा निर्णय अंतिम" बद्दल. १९८७ चा कर्नाटक राज्य विरुद्ध श्री रामेश्वर राईस मिल्स हा निकाल बघा. भात भरडून देण्याचा करार होता, नुकसानीची रक्कम ठरवायचा अधिकार करारात सरकारने स्वतःकडे ठेवला होता. कोर्ट म्हणालं, करार मोडलाय हे समोरच्याने मान्य केलं असेल तर रक्कम ठरवा, पण मोडला की नाही हाच वाद असेल तर करारातला एक पक्ष स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ शकत नाही. तुमच्या प्रकरणात उशीर कोणामुळे हाच तर वाद आहे.

मला तीन गोष्टी सांगा. यादी मिळाली नाही आणि घाट बंद आहे ही पत्रं त्या त्या वेळी दिली होती का? उशिरा आलेला माल घेताना कार्यालयाने दंड लावू असं लेखी कळवलं होतं का? आणि अंतिम बिलावर "कोणतीही मागणी नाही" अशी सही केली का?


निवृत्त_भांडारपाल

मी आयुष्य सरकारी भांडारात काढलं म्हणून दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. १० टक्के सरळ लावण्याच्या मागे बहुतेक वेळा द्वेष नसतो, ऑडिटची भीती असते. दंड कमी लावला तर दोन-तीन वर्षांनी लेखापरीक्षक येतात आणि पॅरा काढतात की एवढी रक्कम वसूल केली नाही, जबाबदारी निश्चित करा. मग ज्याने फाईलवर सही केली त्याच्या पेन्शनपर्यंत गोष्ट जाते. जास्त लावला तर त्याचा पॅरा निघत नाही, ठेकेदार ओरडतो तेवढंच. त्यामुळे खालचा कारकून जास्तीचा आकडा टाकून मोकळा होतो आणि वरचा साहेब त्यात हात घालत नाही.

म्हणून तुम्ही तिथे जाऊन अन्याय अन्याय म्हणालात तर काही होणार नाही. त्या माणसाला फाईलवर कमी दंडाचं कारण लिहिता येईल असा कागद द्या. शाळानिहाय तक्ता, पोच पावत्यांच्या प्रती, यादी कधी मागितली आणि कधी मिळाली त्याची पत्रं, घाट बंद असल्याचं तहसील किंवा बांधकाम विभागाचं काही पत्र असेल तर ते, नसेल तर त्या दिवसांची पेपरची कात्रणं. अटीचा क्रमांक टाकून लिहा की या अटीनुसार दंड विलंबित मालावरच देय आहे. त्यावर लेखाधिकाऱ्याचा अभिप्राय मागवला जातो आणि लेखाधिकारी अट वाचतो, हा माझा अनुभव आहे. तो "अटीनुसार फेरगणना करावी" म्हणाला की साहेबांना सही करायला भीती राहत नाही.

आणि माहिती अधिकारात अर्ज टाका, विलंब दंडाची गणना कशी केली तो तक्ता आणि त्या फाईलच्या टिपण्या मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गणनेचा तक्ताच केलेला नसेल तर "तक्ता उपलब्ध नाही" हे उत्तर तुमच्याच कामाचं आहे. त्यावरून दिसतं की रक्कम मोजून काढलीच नव्हती.

राज्याच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका काढलेली आहे, तीही एकदा वाचून ठेवा. कार्यालयात बोलताना त्यातला मुद्दा काढला की माणूस ऐकून घेतो.


शाळेतली_ताई

मी अक्कलकुवा भागात शिकवते. पुरवठादार भावांचं दुःख समजतं, पण एक बाजू आम्हीही बघतो. जून-जुलैत वर्गात फरशी ओली असते, भिंतीतून पाणी झिरपतं, आणि पोरं त्या ओल्या फरशीवर गोणपाट टाकून बसतात. बेंच आले ते पाऊस सरत आल्यावर. त्या दोन महिन्यांत जी पोरं सर्दी-तापाने घरी गेली त्यातली काही लवकर परतलीच नाहीत, आमच्याकडे एकदा पोरगं घरी गेलं की त्याला आणायला पाड्यावर जावं लागतं. याचं नुकसान रुपयात कोण मोजणार? दंडच नसेल तर जवळच्या, रस्त्यावरच्या शाळांना आधी माल टाकतील आणि डोंगरातल्या शेवटी राहतील, आताही तसंच होतं.

दंड असावाच असं मला वाटतं. फक्त तो चुकीच्या हिशोबाने नसावा, आणि यादी ज्यांनी अडवून ठेवली त्यांनाही कोणी विचारावं.


जळगावचा_बेंचवाला

ताई, तुमचा एकूण एक शब्द मान्य. आमचा माल पोचायला उशीर झाला तिथेही पोरं खालीच बसली असतील हे मला ठाऊक आहे, म्हणून तर पावसात लहान गाड्या करून चढवला, भाडं दुपटीच्या वर गेलं. डोंगरातल्या शाळांची यादीच शेवटी आली. ती आधी मिळाली असती तर पाऊस लागायच्या आत वरचा माल पोचवून खालचा नंतर केला असता.

वकील साहेब, यादीसाठी दोन पत्रं आहेत, दोन्हीवर आवक शिक्का आहे. घाट बंद असल्याचा ईमेल केला होता, फोटोसह. एकाचंही उत्तर नाही. उशिराचा माल उतरवून घेतला, कोणी काही लेखी दिलं नाही. अंतिम बिलावर अजून सही केलेली नाही, ते म्हणतात "मान्य, कोणतीही मागणी नाही" असं लिहून द्या तर उरलेले पैसे सोडू.


धुळ्याचा_वकील

पत्रांवर आवक शिक्का आहे हे फार चांगलं. सही करायची वेळ आलीच तर "हरकत राखून, विलंब दंड व जीएसटीची कपात अमान्य" असं स्वतःच्या अक्षरात लिहून करा, आणि त्याच दिवशी वेगळं पत्र आवकला टाका. मुकाट्याने "मागणी नाही" लिहून दिलं की पुढे ते दबावाखाली दिलं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं.

लेखी न कळवता माल घेतला त्याला कलम ५५ चा आधार आहे. वेळ हा कराराचा गाभा असेल आणि वेळ टळूनही माल स्वीकारला, तर स्वीकारतानाच भरपाई मागणार असं सांगावं लागतं, नाहीतर ती मागता येत नाही. पण सरकारी वकील म्हणेल दंडाची अट करारातच आहे, वेगळी नोटीस कशाला. म्हणून एकट्या ५५ वर सगळी केस टांगू नका, बाजूचा आधार म्हणून ठेवा.

आता ताईंनी जे लिहिलं त्याचा कायद्यात विचार झालेला आहे आणि तो पुरवठादारांनी प्रामाणिकपणे समजून घेतला पाहिजे. नुकसान सिद्ध करावं लागतं की नाही यावर निकालांच्या दोन धारा आहेत. पहिली १९६९ च्या मौला बक्ष निकालाची, लष्कराला बटाटे आणि कोंबड्या, अंडी, मासे पुरवायचे होते, माल नीट आला नाही म्हणून १०,००० आणि ८,५०० च्या ठेवी जप्त केल्या. कोर्ट म्हणालं या वस्तू बाजारात मिळतात, दुसरीकडून घेताना किती जास्त पडले ते दाखवता आलं असतं, दाखवलं नाही, मग ठेव परत करा. तुमच्या सुरक्षा ठेवीसाठी हाच निकाल पहिला टाकायचा. सुरक्षा ठेव म्हणजे बयाणा रक्कम नव्हे, हेही त्यातच आहे. माल सगळा स्वीकारला, विलंब दंड वेगळा लावला आणि वरून ठेवही घेतली, तर एकाच उशिरासाठी दोनदा वसुली झाली.

दुसरी धार २००३ च्या ओएनजीसी विरुद्ध सॉ पाईप्स ची. युरोपात पोलाद कामगारांचा संप झाला म्हणून पाईप उशिरा आले, मुदतवाढ देतानाच ओएनजीसीने कळवलं होतं की दंड कापणार. तिथेही आठवड्याला १ टक्का, कमाल १० टक्के अशी अट. कोर्टाने सांगितलं की दोन्ही पक्षांनी आधीच प्रामाणिक अंदाज करून रक्कम ठरवली असेल आणि ती अवास्तव नसेल, तर प्रत्येक रुपया सिद्ध करायची गरज नाही, उलट नुकसान झालंच नाही हे पुरवठादाराने दाखवावं. म्हणून माझा कच्चा माल उशिरा आला एवढ्यावर सुटका होत नाही.

मग २०१५ मध्ये कैलासनाथ विरुद्ध डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) मध्ये कोर्टाने सगळे निकाल एकत्र वाचले, आणि नुकसान झालंच नसेल तर कलम ७४ खाली काहीच मिळणार नाही, नुकसान ही पूर्वअट आहे असं म्हटलं. नुकसान मोजणं अवघड असेल तिथे करारातली रक्कम वाजवी असल्यास देता येते. त्याच वर्षी डीडीएच्याच सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनच्या प्रकरणात कोर्ट म्हणालं की लोकोपयोगी काम रखडलं की लोकांचं नुकसान होतं हे गृहीत धरता येतं, मात्र नेमका पुरावा नव्हता म्हणून मागितलेल्यापैकी निम्मी रक्कम वाजवी मानली. ओल्या फरशीवर बसलेल्या पोरांचं नुकसान बाजारभावाने काढता येत नाही, त्यामुळे शाळेच्या बेंचवर शून्य दंड मागाल तर तुमची बाजू कच्ची पडेल. अटीप्रमाणे २०,००० मागाल तर पक्की राहील. माझं स्पष्ट मत आहे की तुम्ही शून्य मागू नका.


शिरपूरचा_शेतकरी

भाऊ, आमनाकडे बी हाईच गत शे. माझा मेहुणा ग्रामपंचायतीला पाईप पुरवतो, त्याचे पण असेच कापले, पण तो गप्प बसला. म्हणतो भांडलो तर काळ्या यादीत टाकतील, पुढचं टेंडर भरताच येणार नाही. छोट्या माणसाने काय करायचं ते सांगा.


भुसावळकर_पुरवठादार

ही भीती सगळ्यांना असते, मला पण होती. पण काळी यादी म्हणजे साहेबांच्या मनात आलं आणि टाकलं असं नाही. १९७५ च्या इरुशियन इक्विपमेंटच्या निकालापासून कायदा आहे की आधी म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. २०१४ मध्ये गोरखा सिक्युरिटीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पुढे सांगितलं की कारणे दाखवा नोटीशीतच काळ्या यादीचा प्रस्ताव कळला पाहिजे, नुसत्या करार मोडल्याच्या नोटीशीवरून टाकता येत नाही. करारातल्या अटीनुसार हिशोब मागितला हे काळ्या यादीचं कारण होऊच शकत नाही. मेहुण्याला सांगा निदान पत्र तरी दे. आपण पत्र देत नाही म्हणून तर १० टक्के सरळ कापायची सवय लागते आणि मग सगळेजण तो दंड आधीच भावात धरून टेंडर भरतात, म्हणजे शेवटी सरकारलाच माल महाग पडतो.


जीएसटी_वाली_चोपडा

दंडावर १८ टक्के जीएसटी हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. ३ ऑगस्ट २०२२ चं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक आहे, क्रमांक १७८. त्यात स्पष्ट केलंय की करार मोडल्याबद्दल मिळणारी ठरलेली भरपाई हा कोणत्या सेवेचा मोबदला नाही, नुसता पैशांचा ओघ आहे, त्यावर कर लागत नाही. त्याआधी "एखादी गोष्ट सहन करण्याची सेवा" असा अर्थ काढून बऱ्याच ठिकाणी कर लावत होते, तो घोळ त्या परिपत्रकाने मिटवला. बेंचवाले दादा, त्याची प्रत काढून पत्राला जोडा. हे ४३,२०० तुम्हाला सगळ्यात आधी मिळायला हवेत, कारण यात घाट, यादी, उशीर कोणाचा असला काहीच वाद नाही.

तुमचं बिल मात्र पूर्ण रकमेचं ठेवा, दंड वजा करून बीजक बदलू नका. मालाची किंमत तीच राहते, दंड वेगळा.

आणि दुसरं, तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का, ऑर्डरच्या आधीची? तुम्ही स्वतः बनवता म्हणून विचारते. नुसते व्यापारी असते तर थकीत पैशाच्या तरतुदी लागू झाल्या नसत्या, उत्पादकाला होतात. सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग कायदा २००६, कलम १५ प्रमाणे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी कार्यालय असलं तरी लागतं. मालाबद्दल काही हरकत असेल तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी लागते, नाहीतर माल मिळाला तोच दिवस स्वीकाराचा धरतात. ऑनलाइन अर्ज केला की असे थकीत पैशाचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे प्रकरण जातं, आधी समेटाचा प्रयत्न, नाही जमलं तर लवाद. निकाल विरोधात गेला आणि खरेदीदाराला आव्हान द्यायचं असेल तर त्याला ७५ टक्के रक्कम आधी कोर्टात भरावी लागते. छोट्या उद्योगाच्या हातात याच्याइतकं धारदार दुसरं काही नाही आणि आपल्याकडे चटईवाले, डाळमिलवाले, पाईपवाले एवढे असून फार थोडे जण वापरतात.


जळगावचा_बेंचवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यम नोंदणी ऑर्डरच्या बरीच आधीची आहे, लघु नाही, सूक्ष्ममध्ये. तुमच्या सांगण्यावरून पत्राचा मजकूर केलाय, बघून सांगा.

"महोदय, संदर्भीय पुरवठा आदेशान्वये एकूण २४,००,००० रुपयांच्या मालापैकी १६,००,००० रुपयांचा माल मुदतीत पुरवला असून पोच पावत्या सोबत जोडल्या आहेत. उर्वरित ८,००,००० रुपयांच्या मालास झालेल्या विलंबापैकी तीन आठवडे हे शाळांची यादी प्राप्त न झाल्यामुळे आहेत, त्याबाबतची आपल्या आवक शिक्क्याची दोन पत्रे जोडली आहेत. निविदेतील विलंब दंडाच्या अटीनुसार दंड विलंबित मालाच्या किमतीवर देय असून तो २०,००० रुपये होतो. एकूण आदेशाच्या किमतीवर १० टक्के दराने केलेली २,४०,००० रुपयांची कपात अटीत बसत नाही. दंडावरील ४३,२०० रुपये जीएसटी कपात परिपत्रक क्र. १७८ नुसार अनुज्ञेय नाही. संपूर्ण माल स्वीकारलेला असल्याने सुरक्षा ठेव जप्त करण्याचे कारण उरत नाही. तरी फेरगणना करून २,६३,२०० रुपये व सुरक्षा ठेव परत मिळावी."

घाटाच्या दरडीचं यात घातलं नाही, घालू का? आणि व्याजाचं इथेच लिहू का?


निवृत्त_भांडारपाल

पत्र चांगलं झालंय. शेवटी एक ओळ टाका, "शाळानिहाय विलंब गणना तक्ता परिशिष्ट अ मध्ये". लेखाशाखा तक्ता आधी बघते, मजकूर नंतर. आणि प्रत थेट लेखाधिकाऱ्यांनाही द्या, तिथलाही आवक शिक्का घ्या.


धुळ्याचा_वकील

दरड घाला, पण वेगळ्या परिच्छेदात आणि पर्यायी मुद्दा म्हणून, ईमेलची तारीख टाकून. करारात नैसर्गिक आपत्तीची अट असेल तर तिचा क्रमांक द्या आणि त्यात किती दिवसांत कळवायचं लिहिलंय ते बघा, तुमचा ईमेल त्या मुदतीत बसत असेल तर ते दिवससुद्धा वजा मागता येतील आणि २०,००० अजून खाली येतील. मुदतीत बसत नसेल तर त्यावर जोर देऊ नका, यादीचा मुद्दा तुमचा लोखंडासारखा पक्का आहे, त्यात कच्चा मुद्दा मिसळला तर समोरचा तेवढाच धरून उत्तर देतो.

व्याज या पत्रात फक्त एका वाक्यात, "कलम १५ व १६ खालील हक्क राखून ठेवत आहे" एवढंच. आकडा परिषदेच्या अर्जात.

पत्राला महिनाभर वाट बघा, मग सुविधा परिषदेकडे अर्ज. दिवाणी दाव्याने जायचं ठरलं तर सरकारविरुद्ध आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते हे धरून चला, आणि पैशाच्या मागणीची मुदत तीन वर्षं आहे. हायकोर्टात रिट (सरकारी निर्णयाविरुद्ध थेट याचिका) करायची तर आपलं जळगाव, धुळे, नंदुरबार औरंगाबाद खंडपीठाखाली येतं, पण उशीर कोणाचा असा तथ्यांचा वाद असला की रिटमध्ये कोर्ट सहसा शिरत नाही, तिथे घाई करू नका. ठेव जप्त करण्याआधी कारणे दाखवा नोटीस दिली होती का ते मात्र आजच तपासा. दिली नसेल तर तो मुद्दा पत्रात पहिल्या परिच्छेदात घ्या.


जळगावचा_बेंचवाला

नोटीस आलेली नाही, सगळं टपाल आणि ईमेल परत तपासलं. पहिल्या परिच्छेदात घेतो आणि सोमवारी दोन्ही ठिकाणी आवक करतो.